पगार 96 हजार डॉलर, भाडं किती?

प्रश्न : मुलाला न्यूयॉर्कमध्ये वर्षाला 96,000 डॉलरची नोकरी लागली आहे. महिना 3,000 डॉलर भाड्याचं घर परवडेल का?

उत्तर : परवडण्याआधी मिळायला हवं! तिथले बहुतेक घरमालक वार्षिक पगार भाड्याच्या 40 पट मागतात. 3,000 साठी 1,20,000 लागतील. 96,000 वर मजल 2,400 पर्यंतच. जामीनदार दिला, तर त्याच्याकडून साधारण 80 पट उत्पन्न अपेक्षित असतं, तेही अमेरिकेतलं. तुमची इथली कागदपत्रं सहसा चालत नाहीत. त्यापेक्षा रूममेट बरा, दोघांचे पगार एकत्र धरतात.

घर भाड्याने घेताना पहिलं भाडं आणि एक महिन्याचं डिपॉझिट, म्हणजे 4,800 डॉलर हाताशी हवेत. 2019 पासून कायद्याने डिपॉझिट एका महिन्यापेक्षा जास्त घेता येत नाही. क्रेडिट हिस्टरी (कर्जफेडीची नोंद) नाही म्हणून कुणी सहा महिन्यांचं मागितलं, तर तिथून निघावं. जून 2025 पासून दलाली ज्याने दलाल नेमला त्यानेच द्यायची.

पगारातून शहराचा वेगळा आयकरही कापला जातो, सुमारे 3 ते 4 टक्के. नदीपलीकडे जर्सी सिटीत राहिल्यास तो लागत नाही. नोकरी न्यूयॉर्कमध्ये असल्याने न्यूयॉर्क राज्याचा कर मात्र सुटत नाही.