काळजी घेतली, तरी तो दुखावला का?

महापेच्या एका आयटी कंपनीतल्या टीम लीडची ही अडचण. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. रमजान लागताच तिने टीममधल्या मुस्लिम सहकाऱ्याचा संध्याकाळी साडेसहाचा क्लायंट कॉल दुसऱ्याकडे दिला आणि दुपारी त्याला जेवायला हाक मारणं बंद केलं. तो रोजे ठेवतच नव्हता. महिनाअखेरीस त्याने एचआरला लेखी कळवलं, की आपल्याला प्रोजेक्टमधून बाजूला काढलं जातंय.

"मी तर त्याचं भलंच पाहिलं ना?" पाहिलं, पण विचारलं नाही. रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, नेमका अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाच्या, तोंडावर येतो. चार आठवडे क्लायंटसमोर नसलेल्या माणसाला रेटिंगची धास्ती वाटणारच. डबा तो दुसऱ्या मजल्यावर एकटा खात होता, ते वेगळंच.

"तू रोजा का ठेवत नाहीस?" असं विचारायची तिची तयारी होती. तिथे मी तिला थांबवलं. आजारी आणि प्रवासी माणसाला धर्मातच सूट आहे, काही जण पाळतही नाहीत. या प्रश्नाने त्याला एक तर दुखणं उघड करावं लागतं, नाहीतर श्रद्धेचा खुलासा द्यावा लागतो. दुसऱ्या मुस्लिम सहकाऱ्याकडे चौकशी करणं तर त्याहून वाईट.

तक्रार झालेली असल्याने आधी एचआरला सांगायचं, नाहीतर भेट म्हणजे दबाव वाटतो. मग बंद खोलीत पंधरा मिनिटं: "तुला न विचारता मी कॉल काढून घेतला, ते चुकलं. सोमवारपासून तो परत तुझ्याकडे. चालेल?" लांबलचक माफी नको, मग तोच तिची समजूत काढत बसतो. त्याच दिवशी मॅनेजरला मेल, की तो बदल माझ्या निर्णयाने झाला, त्याच्या कामामुळे नाही. हा मेल बरेच जण टाळतात आणि खरं नुकसान तिथेच राहून जातं.

पुढच्या वेळी अख्ख्या टीमला एकच मेसेज: "येत्या सहा आठवड्यांत शिफ्ट, कॉल किंवा जेवणाच्या वेळेत बदल हवा असेल, तर शुक्रवारपर्यंत मला खासगीत कळवा. कारण सांगायची गरज नाही." यात रोजा बसतो, सूर्यास्ताआधी जेवणारा जैन सहकारी बसतो, कुणाच्या आईचं डायलिसिसही बसतं. पहिल्या खेपेला सहसा कुणी उत्तर देत नाही, म्हणून वन-ऑन-वनमध्ये, म्हणजे दोघांच्याच नेहमीच्या भेटीत, पुन्हा विचारावं. बदल दिलाच, तर शेवटची तारीख घालून द्यावा, म्हणजे त्या दिवशी काम न मागता मूळ माणसाकडे परत जातं.