पशुवैद्यकशास्त्र आणि साहित्य यांचा काही संबंध आहे का? प्राण्यांच्या गोष्टी सोडून सांगा.

आहे, आणि बराच जुना आहे. तुम्ही 'प्राण्यांच्या गोष्टी सोडून सांगा' अशी अट घातलीत हे बरं केलंत. ठाण्यात घोडबंदर रोडला माझा कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे, तेव्हा उत्तर त्याच अंगाने जाणार.

'हस्त्यायुर्वेद' हा हत्तींच्या वैद्यकाचा जुना संस्कृत ग्रंथ. त्याच्या मुळाशीच एक कथा आहे. अंगदेशाचा राजा रोमपाद रानातले हत्ती पकडून आणतो. त्यांच्या कळपात राहिलेला पालकाप्य मुनी त्यांच्या मागोमाग येतो आणि उपचार करू लागतो. पुढचं शास्त्र राजा विचारतो, मुनी सांगतो.

आमच्याकडेही रुग्ण गप्प, सांगणारा दुसराच. "डॉक्टर, बोक्याला बद्धकोष्ठ झालंय. ट्रेमध्ये बसून नुसता कुंथतो. आम्ही गावाला गेलो होतो ना, रागावलाय." पोटाला हात लावावा तर मूत्राशय तट्ट फुगलेलं. लघवी तुंबलीय. वेळेत मोकळी केली नाही, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. मालक खोटं बोलत नसतो. त्याने पाहिलेलं खरं असतं, लावलेला अर्थ चुकतो. कथेतल्या निवेदकावर कितपत विसंबायचं, याची सवय कादंबऱ्या वाचून होते. प्रश्नांच्या छापील यादीने होत नाही. (मी तर घरकामाच्या मावशींना फोन लावायला सांगतो. ट्रे त्याच साफ करतात.)

साहित्याने आमचं नुकसानही केलंय. 'मुद्दाम गादीवर मुतला, सूड घेतला' हे गोष्टीतलं मांजर. खऱ्या मांजराला बऱ्याचदा लघवीची जळजळ असते.

एकच लेखक वाचायचा तर जेम्स हेरियट. खरं नाव आल्फ वाइट, यॉर्कशरमधल्या थर्स्क गावचे पशुवैद्य. पन्नाशीत लिहायला लागले, पहिलं पुस्तक १९७० साली आलं. तिथे पशुवैद्यांना जाहिरातीची बंदी होती, म्हणून टोपणनाव हवं होतं. ते त्यांनी एका फुटबॉल गोलकीपरचं उचललं. लोक त्यांना गोड समजतात. मला त्यांचे शेतकरी आवडतात: गाय अडलेली, डॉक्टरचा हात खांद्यापर्यंत आत, आणि बाजूला उभा राहून कुणीतरी दुसऱ्याच डॉक्टरचं कौतुक करतोय.