घरी पहिल्यांदाच केस कलर करायचेत, काय काय लक्षात ठेवू?

सगळ्यात आधी पॅच टेस्ट, ही प्लीज टाळू नका. कानामागे थोडासा कलर लावून 48 तास थांबायचं, कारण बऱ्याच परमनंट कलरमधे पीपीडी नावाचं रंगाचं केमिकल असतं आणि त्याची ॲलर्जी लगेच दिसत नाही, एकदोन दिवसांनी खाज, सूज येते, आणि आधी दहा वेळा लावून काही झालं नाही म्हणजे अकराव्यांदा होणार नाही असं अजिबात नसतं. काळ्या मेंदीच्या टॅटूने (त्यातही बऱ्याचदा पीपीडीच असतं) कधी त्रास झाला असेल तर हा कलर नकोच.

शेडचं म्हणाल तर बॉक्सवरचा फोटो बघून घेऊ नका. गडद केसांवर फिकट कलर तसाच चढत नाही, आणि आधीच डाय केलेले केस नुसत्या नव्या कलरने उजळत नाहीत, त्याला ब्लीच लागतं आणि ते पहिल्यांदा घरी नकोच खरंतर. पांढरे झाकायला 20 व्हॉल्यूम म्हणजे 6% पेरॉक्साइडचा डेव्हलपर (कलरमधे मिसळायचं क्रीम किंवा लिक्विड) साधारण पुरतो.

ग्लोव्हज घाला, कपाळाच्या कडेला व्हॅसलिन लावा, वाटी प्लास्टिकची घ्या. वेळ पाकिटावर लिहिलाय तेवढाच. भुवयांना मात्र चुकूनही लावू नका, डोळ्यात गेलं तर फार वाईट.