शाळेने विकायला दिलेली कूपनं संपत नाहीत, पूर्ण पुस्तक आपणच घेऊन टाकावं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा चौथीत. गॅदरिंगच्या खर्चासाठी शाळेने 20 रुपयांच्या 25 कूपनांचं पुस्तक त्याच्या हातात दिलंय, दहा दिवसांत 500 रुपये भरायचे आहेत. रोज पहिल्या तासाला कोणाची किती कूपनं गेली ते वर्गात वाचून दाखवतात, त्यामुळे पोरगं शाळेत जायला कुरकुर करतंय. जाऊबाईंकडे आणि शेजारीपाजारी कूपन घेऊन जायचा तुम्हाला संकोच वाटतो. म्हणून विचारताय की पूर्ण पुस्तक स्वतःच घेऊन मोकळं व्हावं का.

नका घेऊ. झेपतील तेवढी घ्या, उरलेली परत करा. आणि ती यादी वाचणं थांबवायला शाळेत जाऊन बोला. कूपनं आपण कशीही निस्तरू, ती यादी पोराच्या मनाला लागते.

अमळनेरला माझं किराणा दुकान आहे. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की माझ्या काउंटरवर पुस्तकं यायला लागतात. गॅदरिंगची कूपनं, सोडतीची तिकिटं, भेटकार्डं, मेणबत्त्या, डायऱ्या, कुठल्या तरी संस्थेचे देणगीचे फॉर्म. 7 डिसेंबरच्या ध्वजदिनाचे झेंडेही येतात. ते मी दरवर्षी आनंदाने घेतो, कारण तो निधी माजी सैनिक आणि शहिदांच्या कुटुंबांच्या कल्याणासाठी असतो हे माहीत आहे. बाकीच्यांचं मात्र आणणाऱ्या पोरालाही धड सांगता येत नाही की पैसा कुठे जाणार. सकाळी एका पोराकडून घेतलं की दुपारच्या सुट्टीत सहा पोरं दारात उभी, कारण वर्गात बातमी पोचलेली असते.

माझी मुलगी पाचवीत होती तेव्हा तिलाही असंच पुस्तक मिळालं. मी दुकानदार, मला काय अवघड. चहाच्या एजंटला दोन, तेलाच्या होलसेलवाल्याला दहा, महिन्याचा किराणा भरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला बिलासोबत एक. नाही कोण म्हणणार? चार दिवसांत तीन पुस्तकं संपली. शाळेने तिला स्टेजवर बोलावून प्रशस्तिपत्र दिलं. मी ते फ्रेम करून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावलं.

त्याच आठवड्यात एक बाई दिवेलागणीला दुकानात आली. माझ्याकडे तिचं उधारीचं खातं होतं. कापूस वेचायला जायची, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे दिवसभर हात जितका चालेल तितकंच. तिने पिशवीतून कूपनांचं पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, हाई काय शे?" तिला वाचता येत नव्हतं. मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "पोऱ्या रडी ऱ्हायना," म्हणजे पोरगं रडतंय. पुस्तकाच्या कडा हाताळून मऊ पडल्या होत्या, पण आतलं एकही कूपन फाटलेलं नव्हतं. मला वाटलं ती मलाच चार कूपनं घ्या म्हणेल. ती तसं काही म्हणाली नाही. 500 रुपये द्या आणि माझ्या खात्यावर लिहा, एवढंच म्हणाली.

मी पैसे दिले आणि वहीत लिहिलं. तेल 1 लिटर. साबण 2. कूपन 500. लिहून झाल्यावर पेन तिथेच थांबलं. तिच्या महिन्याच्या किराण्याएवढा तो आकडा होता. आणि पाठीमागे भिंतीवर माझ्या मुलीचं प्रशस्तिपत्र होतं, त्याच शाळेचं, त्याच कूपनांचं. रात्री दुकान बंद करताना मी ती फ्रेम उतरवली. मुलीला का ते सांगितलं. ती बिचारी रडली, पण तिला समजलं. त्या बाईची उधारी मी खोडून टाकली होती, तरी वेचणी संपल्यावर ती पैसे घेऊन आलीच. मी घेत नाही म्हटल्यावर नोटा काउंटरवर ठेवून निघून गेली.

तुम्ही पूर्ण पुस्तक घेऊ नका असं मी म्हणतो ते यामुळे. शाळेच्या रजिस्टरमध्ये फक्त "25 पैकी 25" एवढंच चढतं. पोराने विकली, बापाने गिऱ्हाईकांच्या गळ्यात मारली, की आईने उधार काढून भरली, हे तिथे कुठे लिहिलेलं नसतं. सगळ्यांची पुस्तकं संपलेली दिसली की पुढच्या वर्षी पुस्तक जाड होतं. आमच्याकडे 20 चं 30 आणि 30 चं 40 झालं ते असंच. माझ्यासारख्या पालकांनीच ते वाढवलं.

पण शाळेची बाजूही ऐका, नाहीतर भांडायला जाल आणि हात हलवत परत याल. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार शासन देतं. विजेचं बिल, पंखे, फळे, स्वच्छतागृहाची दुरुस्ती, खेळाचं साहित्य यासाठी जे वेतनेतर अनुदान असतं ते अपुरं पडतं आणि वेळेवर येत नाही. आठवीपर्यंत फी घेता येत नाही. मग गॅदरिंगचा मंडप आणि साउंड कुठून करायचा? आम्ही पाच पालक मुख्याध्यापकांना भेटायला गेलो तेव्हा सरांनी ड्रॉवर उघडून थकलेली बिलं आमच्यापुढे ठेवली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या नळाचं बिल त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलेलं होतं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात तेव्हाही आदर होता, आजही आहे. शाळेला पैसा लागतो हे खरंच आहे. तो दहा वर्षांच्या पोराच्या तोंडाकडे बघून वसूल करू नये, एवढंच आमचं म्हणणं होतं.

आम्ही दोनच गोष्टी मागितल्या. वर्गात नावं वाचायची नाहीत, आणि कोणाला आकडा ठरवून द्यायचा नाही. ज्याला जे द्यायचं ते बंद पाकिटात, सोबत संस्थेची पावती. सर लगेच हो म्हणाले नाहीत. एक मॅडम म्हणाल्या की यादी वाचली नाही तर कोणी देणारच नाही. तेव्हा आमच्यातले एक आबा उठले, त्यांची नात तिथे शिकत होती. त्यांनी शांतपणे विचारलं, मॅडम, तुमचा पगार तुम्ही असा स्टाफरूममध्ये वाचून दाखवाल का? त्यावर कोणी काही बोललं नाही. पुढच्या सोमवारपासून यादी बंद झाली.

कायदा तुमच्या हाताशी असू द्या, पण पहिल्या भेटीत तो काढू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई आहे. पैसे आणले नाहीत म्हणून रोज सगळ्यांसमोर उभं करणं हा मानसिक त्रासच आहे असं मी मानतो, आणि शाळेला तसं सांगता येतं. जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळा असेल तर कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. तुमच्या वर्गातली कोणीतरी आई त्या समितीत असेलच, आधी तिला गाठा. विनाअनुदानित खासगी शाळा असेल तर 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते, तिथे विषय मांडा. प्रवेश देतानाच कोणी देणगी मागितली तर ती गोष्ट फार गंभीर आहे, त्याला कलम 13 ने सरळ बंदी आहे आणि दहापटीपर्यंत दंड आहे. तुमचं प्रकरण ते नाही.

यादी बंद झाल्यावर त्या वर्षी पैसे कमी आले, हे लपवत नाही. मग पुढच्या डिसेंबरात आम्ही भरीत केलं.

खान्देशात थंडी पडली की भरितासाठी कोणाला आग्रह करावा लागत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एका पालकाच्या शेतातून 60 किलो वांगी आली, तीच मोठी, हिरवट पांढरी, भरिताची. पहाटे मैदानाच्या कोपऱ्यात कपाशीच्या काड्यांचा जाळ केला. सातवीची पोरं पाण्यात बोटं बुडवून बुडवून वांग्यांची जळकी सालं सोलत होती, धुराने डोळे लाल, आणि तरी जागेवरून कोणी हलायला तयार नाही. आयांनी मिरची, लसूण आणि शेंगदाणे तेलात तळून घेतले, कांद्याची पात चिरली, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, म्हणजे कळण्याच्या भाकरी थापल्या. ताटाचे 60 रुपये ठेवले. दुपारी दोनच्या आत 300 ताटं संपली. स्टँडवरचे रिक्षावाले आले, बँकेतले लोक आले, आणि ज्यांची पोरं आमच्या शाळेत नाहीत तेही रांगेत उभे राहिले.

हिशोब मुलांनीच फळ्यावर मांडला. जमा 18,000. वांगी फुकट मिळाली तरी तेल, दाणे, पीठ, पात, पत्रावळी मिळून खर्च 6,900. शिल्लक 11,100. तो फळा आठवडाभर कोणी पुसला नाही. उरलेली गरज दोन-तीन माजी विद्यार्थ्यांनी आणि एका व्यापाऱ्याने पावती घेऊन भागवली. मोठ्या माणसांना मोठ्या माणसांनीच जाऊन विचारायचं असतं, आणि ते देतातही.

त्या कापूस वेचणाऱ्या बाईने त्या दिवशी भाकरी थापल्या. आमच्या सगळ्यांत तिच्याच भाकरी एकसारख्या आणि पातळ होत होत्या. बाकीच्या बाया तिच्याकडे बघून थापायला शिकत होत्या. तिचा पोरगा ताटं मोजत होता.

मी स्वतः लहानपणी स्काऊटमध्ये होतो. तेव्हा "खरी कमाई" असायची. कार्ड घेऊन घरोघर जायचं, कोणाची सायकल पुसायची, कोणाचं अंगण झाडायचं, मग ते लोक चार आणे, आठ आणे देऊन कार्डावर सही करायचे. नानांच्या घरची पाण्याची टाकी घासून मिळालेला एक रुपया मला अजून आठवतो. तिथेही पोर दारात जाऊन उभं राहायचं, पण काम करून पैसे घ्यायचं. पालकांना नवं काही सुचवायचं असेल तर शाळेत हे सुचवा, किंवा मुलांचा आनंद मेळावा. मुलांनी भेळ, पोहे, बोरं विकायची, सुटे पैसे स्वतः मोजायचे. त्यात पोरं हिशोब शिकतात आणि कोणाला लाज वाटत नाही.

आता तुमचे हे दहा दिवस. मुलाला एकट्याला अनोळखी दारात पाठवू नका, आणि रोख पैसे त्याच्या दप्तरात ठेवू नका, हरवले तर ते पोर घरी सांगणारही नाही. जाऊबाईंना विचारायचंच असेल तर एकदाच विचारा, आणि "नाही म्हटलं तरी चालेल" हे आधी सांगा. पैसे कोणा शिक्षकाच्या खाजगी नंबरवर फोन-पे करू नका, संस्थेच्या खात्यावर किंवा ऑफिसात भरून पावती घ्या. त्यात शिक्षकांचंही भलं आहे, उद्या कोणी त्यांच्याकडे बोट दाखवणार नाही. कूपनावर सोडत असेल तर बक्षिसांचा आणि छपाईचा खर्च वजा जाता 20 रुपयांतले शाळेकडे किती राहतात तेही विचारा. आमच्याकडे 20 तले 11 च राहत होते.

व्हॉट्सअॅपच्या पालक ग्रुपवर "आमचं पुस्तक संपलं" असे मेसेज पडत असतील. त्याला उत्तर देऊ नका. तुमच्यासारख्याच अडलेल्या दोन-तीन आयांना वेगळा फोन करा. त्या आहेत, फक्त बोलत नाहीयेत. आमचे पाच जण असेच जमले होते.

आणि उद्या डायरीत मॅडमना एवढं लिहा: "नमस्कार मॅडम. 5 कूपनांचे 100 रुपये ऑफिसात भरत आहे, उरलेली 20 कूपनं परत करत आहे. कूपनांची नावं वर्गात वाचल्यामुळे मुलगा शाळेत यायला घाबरतो. ते वाचन थांबवावं ही विनंती. गॅदरिंगच्या दिवशी स्वयंपाकाला, रांगोळीला, खुर्च्या मांडायला मी दिवसभर येऊ शकते." शेवटचं वाक्य जमत असेल तरच लिहा, पण जमलं तर नक्की लिहा. आमच्या सरांचा सूर बदलला तो असंच वाक्य ऐकून.

मॅडमचं काय उत्तर येतं ते इथे कळवा. गरज पडली तर मुख्याध्यापकांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी करून देतो.