ऑप्टिशियन व्हा, पण पगार चालू ठेवून

प्रश्न : लेन्स लॅबमध्ये पाच वर्षं एजिंगवर, म्हणजे लेन्स फ्रेमच्या मापाने कापायच्या कामावर आहे. आता ऑप्टिशियन व्हायचंय. नोकरी सोडून दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करू, की नोकरी सांभाळून तीन वर्षांचा संध्याकाळचा? फी दोन्हीकडे सारखीच. आठ महिन्यांच्या घरखर्चाइतकी बचत आहे, ती मोडू का?

उत्तर : संध्याकाळचाच घ्या आणि बचतीला हात लावू नका.

फी सारखी म्हटल्यावर लवकर संपणारा कोर्स स्वस्त वाटणारच. पण इथे फी किरकोळ आहे, खरा खर्च बुडणाऱ्या पगाराचा. तुम्ही कळवलेले आकडे पगाराच्या प्रमाणात मांडतो. हातात येतात ते 100 धरा, त्यात ओव्हरटाइमचे 10. घरखर्च 75, बचत 600, कोर्सची एकूण फी 300. पूर्णवेळ शिकलात तर 24 महिन्यांचे 2400 गेले, फी धरून 2700. संध्याकाळी शिकलात तर जाईल तो फक्त ओव्हरटाइम : 36 महिन्यांचे 360, फी धरून 660.

पुढे 130 मिळतील असा तुमचा अंदाज आहे. त्यातले 105 पक्के आणि 25 इन्सेंटिव्हचे. इन्सेंटिव्ह मी निम्माच धरतो. म्हणजे पगार 117.5, वाढ दरमहा 17.5. या वाढीतून 660 भरून यायला 38 महिने लागतील आणि 2700 भरायला 154, म्हणजे जवळपास तेरा वर्षं! पूर्णवेळवाल्याला वाढ वर्षभर आधी मिळते हे खरं, पण त्यातून भरतात ते 210.

शिवाय त्या दोन वर्षांत घरखर्च आणि फी मिळून 2100 लागतील. बचत संपवूनही 1500 चं कर्ज उरतं. ते पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर व्याज सोडूनच हप्ता 25 चा, वाढ मात्र 17.5 ची. संध्याकाळच्या कोर्समध्येही ओढाताण होईलच; महिन्याला सहा-सातच शिल्लक राहतील, तेही फी मासिक हप्त्यांत घेत असतील तर.

इन्सेंटिव्ह निम्मा का धरला, ते तुमच्याच कामातून सांगतो. -6.00 च्या लेन्सचं सेंटर 3 मिलीमीटर सरकलं की 1.8 प्रिझम येतो (दिसणारं चित्र तेवढं बाजूला सरकतं), हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. पण लॅबमध्ये पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) आणि हाइट (फ्रेममध्ये बाहुली किती उंचीवर येते ते) ऑर्डरवर लिहून येतात. काउंटरवर त्या तुम्हाला लिहायच्या आहेत, समोरचा माणूस मान हलवत असताना. नवखे बहुधा क्रमात चुकतात. डेमो लेन्सवर (फ्रेमसोबत येणाऱ्या बिननंबरी लेन्सवर) बाहुलीच्या मध्याची खूण आधी करतात आणि नोज पॅड मागाहून फाकवतात. फ्रेम 2 मिलीमीटर खाली उतरते, खूणही तिच्यासोबत उतरते. प्रोग्रेसिव्ह (लांबचा आणि वाचायचा नंबर एकाच लेन्समध्ये) असेल तर वाचताना हनुवटी उचलावी लागते आणि चार दिवसांत चष्मा परत. रिमेकच्या, म्हणजे पुन्हा बनवाव्या लागणाऱ्या लेन्स दुकानाच्या खिशातून जातात, आणि बऱ्याच ठिकाणी त्या इन्सेंटिव्हमधून वळत्या होतात. पहिल्या वर्षी हे घडणारच. म्हणून नोकरी ठरवताना पक्का पगार किती आणि रिमेक कुणाच्या खात्यावर, हे आधी विचारा.

सध्याच्या मालकांकडे डिस्पेन्सिंगचं (मापं घेऊन चष्मा बसवून देण्याचं) काउंटर असेल तर आठवड्यातला एक दिवस तिथे मागा. पैसे वाढवून मागू नका, हात बसू द्या.

प्रवेशाआधी दोन गोष्टी लेखी घ्या. पाच वर्षांच्या अनुभवावर लेन्सच्या विषयांत सूट मिळते का? मिळाली तर फी आणि महिने दोन्ही घटतील. दुसरी जास्त महत्त्वाची : जिथे काम करायचंय तिथे नोंदणी सक्तीची आहे का, आणि असल्यास हा संध्याकाळचा कोर्स तिला चालतो का. चालत नसेल तर वरचं सगळं गणित रद्द समजा आणि चालेल असा दुसरा अर्धवेळ कोर्स शोधा. उत्तर नोंदणी करणाऱ्या कार्यालयाकडूनच घ्या, प्रवेश देणाऱ्या संस्थेकडून नको.