छत उघडणारी गाडी: ठेवू की विकू?

प्रश्न: नमस्कार दादा, मी इंदूरला दवाखाना चालवतो. माझ्याकडे 2014ची पोर्शे बॉक्सस्टर एस आहे, सेकंड हँड घेतलेली, रनिंग जेमतेम 31 हजार. हल्ली बाहेर काढायला वेळच मिळत नाही, ड्रायव्हर महिन्यातनं एकदा गेटच्या आतच 5 मिनिटं चालू करून बंद करतो. मागच्या पावसाळ्यात पायाखालचं कार्पेट ओलं निघालं, बॅटरी दोनदा बदलून झाली, वर एक मित्र म्हणतो ह्या गाडीच्या इंजिनात एक बेअरिंग असतं ते फुटलं की अख्खं इंजिन गेलं. सौ. म्हणते विकून टाका. काय करावं ह्याचाच विचार करून राहिलोय.

उत्तर: डॉक्टरसाहेब, आधी ते बेअरिंग डोक्यातनं काढा. इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग ते, 1996च्या पहिल्या बॉक्सस्टरपासून 2008पर्यंतच्या इंजिनांत होतं आणि त्या गाड्यांत ती भीती खरीच आहे, पण 2009ला नवीन इंजिन आलं त्यात तो शाफ्टच ठेवला नाही. तुमचं 3.4 लिटरचं सहा सिलिंडर त्यानंतरचं आहे, 315 हॉर्सपॉवरचं, टर्बो नाही, आणि नीट वापरलं तर फार टिकाऊ आहे.

मला काळजी वाटते ती ओल्या कार्पेटची. कापडी छतावरचं पाणी मागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या भोकांतनं नळीवाटे खाली चाकाजवळ निघून जातं, त्यात कडुलिंबाचा पाला न् धूळ बसली की वाट बंद होते आणि पाणी आत शिरतं. आधीच्या बॉक्सस्टरमध्ये तर अलार्म-लॉकिंगचं कंट्रोल युनिट सीटखालीच असायचं, पाणी तिथपर्यंत गेलं की किल्लीसुद्धा ओळखायची नाही गाडी, आणि खर्च लाखाच्या घरात. म्हणून मे संपायच्या आत छत अर्धं उघडून थांबवा, पाला हाताने काढा, बाटलीने हळूहळू पाणी ओता आणि दोन्ही बाजूंनी खाली पडतंय का ते स्वतः वाकून बघा. तार घालू नका, नळी फाटते किंवा निसटते, नायलॉनचा मऊ दोरा चालतो. आता ओलं झालेलं कार्पेट उचलून खालचा फोम पूर्ण वाळवून घ्या, वरनं कोरडं दिसतं आणि आत आठवडेच्या आठवडे ओल राहते.

दुसरं, ते 5 मिनिटांचं स्टार्टिंग आजच बंद करा, हात जोडून सांगतो. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं, ते न् पाण्याची वाफ दोन्ही ऑइलमध्ये उतरतात आणि ऑइल तापतच नाही त्यामुळे उडून जात नाहीत, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, आणि स्टार्टरने बॅटरीतनं जेवढं खेचलं तेवढं 5 मिनिटांत परत भरतही नाही. तुमच्या दोन बॅटऱ्या त्यातच गेल्या असणार. एकतर बॅटरी मेन्टेनर, म्हणजे बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर, लावून गाडी शांत उभी राहू द्या, नाहीतर नीट चालवा, म्हणजे मीटरमध्ये ऑइलचं टेम्परेचर वर येऊन पुढे किमान 20-25 मिनिटं. रविवारी उजाडायच्या आत निघा, राऊवरनं महूला, तिथनं जामगेट. अहिल्याबाईंच्या काळातला तो दरवाजा, खाली निमाड पसरलेलं, छत उघडं, पाठीमागे ते इंजिन... ह्या गाडीला त्या घाटापेक्षा चांगलं औषध मी सांगू शकत नाही. पण ऑइल गरम होईपर्यंत जोरात दाबायचं नाही, आणि स्पीड ब्रेकर तिरका घ्यायचा.

31 हजार रनिंग बघून फसू नका, रबर न् ऑइल किलोमीटर मोजत नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल, 6 वर्षांच्या वर गेले असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदला. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढतं, दर 2 वर्षांनी बदला. इंजिन ऑइल वर्षाला एकदा. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर न् एसीचे कंडेन्सर असतात, तिथेही पाला साचून ओलीने गंज धरतो, सर्व्हिसला बंपर उतरवून साफ करायला आवर्जून सांगा, सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. पेट्रोल आता ई20 मिळतं, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं, आणि इथेनॉल पाणी धरतं, तेव्हा जुनं पेट्रोल महिनोन्महिने टाकीत सडवू नका. आणि छत ओलं असताना कधीच दुमडायचं नाही, बुरशी धरते. प्रेशर पंपसुद्धा लांबूनच.

कागदाचं म्हणाल तर आरसी 15 वर्षांची, म्हणजे 2029ला फिटनेस करून 5 वर्षांसाठी वाढवून मिळते. इम्पोर्टेड गाडीला ती फी 2022पासून 40 हजार झालीय, जड आहे पण गाडी भंगारात घालायचं कारण नाही. आपल्याच यशवंतराव होळकर दुसऱ्यांनी 1930च्या दशकात उघडी ड्युसेनबर्ग स्पीडस्टर बनवून घेतली होती, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, सुपरचार्ज्ड आठ सिलिंडर, 320 हॉर्सपॉवर. ती आजही जगात आहे, कारण प्रत्येक मालकाने तिची निगा राखली.

तर माझं मत ठेवा असंच आहे, बिनटर्बोचं सहा सिलिंडर न् उघडं छत हे कॉम्बिनेशन आता दुर्मिळ होत चाललंय. पण महिन्यातल्या दोन सकाळी तिला देता येणार नसतील तर ह्याच वर्षी विका, कोरडी असताना, चालवणाऱ्या माणसाला. वहिनींनाही एकदा जामगेटला घेऊन जा आणि मग दोघं मिळून ठरवा.

प्रश्न: दादा, ग्वाल्हेरहून लिहितेय. आमचे हे 2012ची बीएमडब्ल्यू झेड 4 बघून आलेत, धातूच्या छताची. कापडापेक्षा ते बरं ना?

उत्तर: वहिनी, ऊन, माकडं, चोरी ह्या बाबतीत बरंच. पण ते दोन तुकड्यांचं ॲल्युमिनियमचं छत हायड्रॉलिकवर 20 सेकंदांत दुमडतं आणि डिकी 310 लिटरची 180 होते. हायड्रॉलिक बिघडलं तर कापड बदलण्याइतकाच, कधी जास्त खर्च. बीएमडब्ल्यूने स्वतःच 2018च्या मॉडेलला परत कापडी छत दिलं. घ्यायची असेल तर छत लागोपाठ चार वेळा उघडमीट करून बघा, थंड आणि उन्हात तापल्यावर दोन्ही वेळा, सीलच्या कडेने हात फिरवा. 35आय हे टर्बो इंजिनाचं मॉडेल असेल तर हाय प्रेशर फ्युएल पंप न् इंजेक्टर बदलल्याची बिलं मागा. बिलं नसतील तर तेवढे पैसे किमतीतनं कमी करून घ्या.