ओम्नीच्या टपावर घरचे कॅरिअर

प्रश्न : जुन्या मारुती ओम्नीवर सामानासाठी घरीच कॅरिअर बनवायचे आहे. टपाला भोके पाडावी लागतील का?

उत्तर : मुळीच पाडू नका. भोकातून पाणी झिरपते आणि पत्रा आतून गंजतो. ओम्नीच्या टपाला दोन्ही कडांना पन्हाळी आहे, क्लॅम्प तिलाच धरतात.

एक इंची चौकोनी लोखंडी पाइप घ्या, जाडी 1.6 मिमी. 1.5 × 1.1 मीटरची चौकट, तीन आडव्या पट्ट्या आणि 15 सेंमीचे सहा पाय यांना साडेनऊ मीटर लागतो, म्हणजे 6 मीटरच्या दोन लांबी पुरतात. वजन साधारण 11 किलो भरते. टपाची भारमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत पाहा आणि हे 11 किलो त्यातूनच वजा करा. नेमके हेच बहुतेक जण विसरतात.

पाय टपाच्या पत्र्यावर टेकता कामा नयेत, पत्रा दबतो. क्लॅम्प 5 मिमी पट्टीचे, 8 मिमी बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा नट). साधे नट हादऱ्याने सैल होतात. पन्हाळीत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर रंग खरवडून तिथूनच गंज धरतो.

वेल्डिंग गाडीपासून दूर करा, ठिणग्यांनी काच कायमची टिपक्यांची होते. पाइपची तोंडे बंद करा, पण खालून 4 मिमीचे भोक ठेवा, आत साचलेले पाणी निघून जाईल. मग रेड ऑक्साइड (गंजरोधक प्रायमर) आणि दोन हात रंग.

पहिल्या 50 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा.